आमच्या आळीचा नंबर

"काय रं प्रभ्या, कीर्तन ऐकतो का?"

सहादेवआबांनी वाकून विचारलं. प्रभुदास व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी उकिडवा बसला होता. कानात वायर.

"न्हाई आबा. न्यायाचा तास हाय."

"कुनावर केस टाकली का काय?"

"कोर्टातला न्हाई ओ. कुनाला किती मिळावं, ते कुनी ठरवावं, आसला."

"मंग बस ऐकत," म्हणत आबा हसत गेले.

प्रभुदास गावाचं पाणी सोडायचा. बारावीला गाडी अडकली ती अडकलीच. पण पाणी चालू असताना व्हॉल्व्हपाशी बसून राहावंच लागतं. तेवढ्या वेळात त्यानं मोबाईलवर शाळा शोधली होती. कुठल्या कुठल्या विद्यापीठांचे तास, सगळे फुकट. स्वातंत्र्य, हक्क, न्याय. इंग्रजी झेपायचं नाही. खाली अक्षरं यायची, ती थांबवून मराठीत करून घ्यायची. एक तास आठवडाभर पुरायचा.

त्यातली एक गोष्ट डोक्यात रुतून बसली. नियम करताना असं धरायचं, की आपण कुठल्या घरात जन्मणार हे आपल्याला ठाऊकच नाही. मग करा नियम.

त्यानं मान वर करून गावाकडं पाहिलं. पाणी आधी कुणाला? ख्रिश्चन आळीला. म्हणजे त्याच्याच. त्याच्या आधी त्याचे पप्पा पाणी सोडायचे, दुसरं काय कारण? आणि टाकी तळाला गेली की, म्हातारी भागूबाई राहायची त्या खालच्या वस्तीला नुसती हवा. आपण तिथं जन्मलो असतो तर?

ग्रामसभेत तो उभा राहिला. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकायच्या. जिची आधी निघेल, त्या आळीला आधी पाणी.

"चावी तुझ्याकडं, चिठ्ठीबी तुझीच!" आबा ओरडले. हशा पिकला.

"चिठ्ठी भागूमावशी काढत्याल," तो म्हणाला. खाली बसला नाही. ठरलं तेव्हाच बसला.

थोड्याच दिवसांत एका सोमवारी खालच्या वस्तीची चिठ्ठी पहिली निघाली आणि त्याची आळी शेवटी. नेमके त्याच दिवशी त्याच्या बहिणीला, आराधनाला बघायला श्रीरामपूरहून पाहुणे येणार होते. प्यायला जार आणला होता. बाकी सगळं नळावर.

मम्मी तरातरा व्हॉल्व्हपाशी आली. "आजच्या दिवस आपला आधी सोड."

"मम्मी, न्हाई जमायचं."

"एवढी एकच बहीन हाय तुला."

आबा तिथंच होते. "सोड की. आमी काय बोलत न्हाई. पोरीचं काम हाय."

"आन् उद्या तुमच्याकडं पाव्हणे आले की?"

आबा मिशीत हसले. "म्हनून तर म्हनतो."

मम्मीनं दोघांकडं पाहिलं. आली तशी तरातरा निघून गेली. प्रभुदासला वाटलं, हाक मारावी. मारली नाही. त्यानं चावी घातली आणि खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला. लांबून हंड्यांचा खणखणाट आला.

वरच्या आळीचा नंबर सुरू होता तेव्हा पाहुण्यांची गाडी आली. खड्ड्यापासून घर दिसत होतं. मम्मी बाहेर आली. रिकामा हंडा नळाखाली ठेवला, पदर सारखा केला आणि मोठ्यांदा, पार खड्ड्यापर्यंत ऐकू येईल असं म्हणाली,

"या, बसा. पाय धुवायला जरा थांबावं लागंल. आज आमच्या आळीचा नंबर शेवटचा हाय."

तिच्यामागं आराधना उभी होती. हातात घासून लख्ख केलेला तांब्या, रिकामाच.