पोलिकार्पोची छाटणी

“वर कोण आहे?”

खालून आवाज आला तशी कासियाना जागच्या जागी थिजली. एक पाय फांदीच्या बेचक्यात, कमरेला दोर, दातांत धरलेली द्राक्षाची काडी. अंगात नवऱ्याची जुनी विजार आणि तिच्यात कोंबलेला घागरा. मोल्येचं झाड बारा महिने हिरवं, पानं मोकळ्या सोडलेल्या केसांसारखी लोंबणारी. हललं नाही तर खालच्याला काही दिसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेली एकोणीस वर्षं कोणाची चाहूल लागली की ती अशीच गप्प उभी राहायची.

“अहो, मी विचारतोय! तेओफिलो का वर?”

आवाज रोलांदोचा होता. मळ्याच्या मालकीणबाई, अम्पारोबाई, सुक्रे शहरात राहायच्या आणि मार्चमध्ये द्राक्षतोडीला तेवढ्या यायच्या. रोलांदो त्यांचा पुतण्या. दोन वर्षांपासून कारभार तोच बघत होता. पण जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, छाटणीच्या थंडीत, मालकांपैकी आजवर कोणी मळ्यात फिरकलं नव्हतं.

कासियानाने तोंडातली काडी काढली.

“मी आहे, साहेब. कासियाना.”

रोलांदोने लोंबणारी पानं बाजूला सारली. मग, “मावशी, तुम्ही वर काय करताय?”

“छाटतेय.”

“तुम्ही? मग पोलिकार्पोचा भाऊ कुठंय?”

“तेओफिलो अर्जेंटिनाला गेला.”

“कधी?”

आता खोटं बोलायचं तरी कोणासाठी? नवरा पोलिकार्पो वारल्याला आठ महिने झाले होते. “एकोणीस वर्षं होतील,” ती म्हणाली आणि दोर सोडून सावकाश खाली उतरायला लागली.

सिंतीच्या या खोऱ्यात द्राक्षाला मांडव नसतो. वेल मोल्येवरच चढतो. अम्पारोबाईंच्या मळ्यात अशी त्रेचाळीस झाडं होती. त्यांच्यावरचे वेल कोणी लावले हे बाईंच्या आजोबांनाही सांगता आलं नसतं. मांडीएवढी खोडं झाडाला वेढे घालत वर जायची आणि शेंड्यापाशी या झाडावरून त्या झाडावर पसरायची. छाटायचं म्हणजे पंधरा-वीस हात वर, पोतोसीच्या डोंगरांकडून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कात्री चालवायची.

पोलिकार्पो ते काम डोळे मिटून करायचा. एका पहाटे दहिवर पडलेली फांदी त्याच्या पायाखाली मोडली. पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता, कासियाना अडतीसची, आणि निम्मी झाडं छाटायची राहिली होती. राहतं घर मळ्याचं. छाटणारा नाही तर घर नाही. बाईंना निरोप गेला की पोलिकार्पो थोडा जायबंदी झालाय, भाऊ तेओफिलो मदतीला आहे, छाटणी होईल. तेओफिलोने सहा झाडं केली आणि तो बसमध्ये बसून गेला तो परत आलाच नाही. मार्चमध्ये बाई आल्या की सांगायचं, तो मजुरीला बाहेर गेलाय, छाटणीला येईल.

मग कासियाना चढली.

बाईमाणूस वेलावर चढलं की वाईन आंबते, अशी इथली समजूत. वस्तीतल्या बायका सुरुवातीला तोंडावर म्हणायच्या, “कासियाना, यंदा वाईन आंबली तर तुझंच नाव घेऊ हं!” वाईन आंबली नाही. हळूहळू सगळ्यांनाच ठाऊक झालं आणि सगळ्यांनीच तोंडाला कुलूप लावलं. दया म्हणून असेल, किंवा उगाच कशाला मध्ये पडा म्हणून असेल.

शिकवलं पोलिकार्पोने, खाटेवर पडून. ती कापलेल्या काड्यांचा भारा आणून त्याच्यापुढे टाकायची. तो एकेक काडी उचलून तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजायचा. “ही का कापलीस? दोन डोळे ठेवायचे होते. हिच्यावर यंदा घड आला असता.” कधी काडी फेकून मारायचा. कधी तोंड भिंतीकडे करून पडायचा, की तिने समजावं, आज बोलायचं नाही. एकदा तिने रागाने कात्री त्याच्या पोटावर ठेवली होती. “मग तूच जा ना वर!” तिने म्हटलं, आणि म्हटल्या क्षणी जीभ चावली. तो दोन दिवस जेवला नाही.

दरवर्षी नव्या वाईनचा पहिला पेला त्याला लागायचा. इथली वाईन रंगाला फिकी, मातीच्या रांजणात मुरलेली. जिभेवर आधी थोडी खारट, मग मिरी चावल्यासारखी तिखट. मोल्येच्या गुलाबी दाण्यांचा तिखटपणा वेलात उतरतो, असं जुनी माणसं म्हणतात. पोलिकार्पो घोट तोंडात घोळवायचा आणि सांगायचा, “ओढ्याकडच्या तीन झाडांवर तू फार डोळे सोडलेस. पाणचट झालीय.” ते खरं असायचं.

गेल्या वर्षी, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षी, त्याने पेला रिकामा केला.

“ही मी छाटल्यासारखी लागतेय,” तो म्हणाला.

कासियानाने पेला उचलला आणि विसळायला नेला. बाहेर हौदापाशी ती उगीचच खूप वेळ उभी राहिली. एवढ्या वर्षांत त्याने केलेलं हे पहिलं कौतुक होतं, आणि त्यातही ती नव्हती.

कासियाना झाडावरून खाली उतरली तेव्हा रोलांदो रागावला नाही. उलट तिथेच एका दगडावर बसला, तिने दिलेला उकडलेला मका खाल्ला आणि खरं काय ते सांगून टाकलं. “मावशी, आत्या सगळा मळा तोडायचं म्हणतेय. तारेवरची बाग लावायची. तारिहाला सगळ्यांनी लावलीय, जमिनीवर उभं राहून काम होतं. पण ला पासचा एक व्यापारी आहे, त्याला आपली ही झाडावरचीच वाईन पाहिजे. तो मंगळवारी आत्याला घेऊन येतोय. छाटणारं कोणी आहे म्हटलं तर कदाचित राहतील झाडं. तुम्ही त्यांच्यासमोर छाटून दाखवाल?”

“बाई मला घराबाहेर काढतील.”

“का काढतील? दाखवाल का ते सांगा.”

“दाखवीन,” कासियाना म्हणाली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने ठरवलं, ओढ्याकडचं नाही, मधलं मोठं झाड घ्यायचं.

मंगळवारी बाई आल्या. पंचाहत्तरीच्या, काठी टेकत, काळ्या कोटात. व्यापारी पन्नाशीचा, बोलका. कासियानाने दोर बांधला, खांद्यावर कात्री अडकवली आणि चढली. वर गेल्यावर खालची माणसं तिच्या लेखी उरली नाहीत. कुठली काडी दमलीय, कुठल्या काडीत जोर आहे, कुठला वेल झाडाला जड झालाय हे तिच्या हाताला कळत होतं. थांबून विचार करावा लागत नव्हता. काड्या टपटप खाली पडत होत्या. दीड तासाने ती उतरली तेव्हा झाडाखाली भारा पडला होता आणि झाड हलकं होऊन उभं होतं.

व्यापाऱ्याने टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाही वाजवल्या.

“एकोणीस वर्षं माझ्या झाडांवर तू होतीस?” त्या म्हणाल्या. “आणि मी दरवर्षी त्याच्या उशाशी बसून त्याला शाबासकी देत होते!”

“होय, बाई.”

“तो काय म्हणायचा ठाऊक आहे? म्हणायचा, भावाला मी सगळं इथून सांगतो.”

“सांगायचाच तो. खोटं नव्हतं ते.”

बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. मोल्येच्या चिकाने काळे पडलेले हात. “मला सांगायचं होतंस गं,” त्या हळूच म्हणाल्या. “मी काढलं नसतं तुम्हाला.”

कासियानाने कमरेचा दोर सोडला. तेव्हा काढलं असतं की नसतं, हे आता कोण सांगणार?

व्यापाऱ्याने रांजणातून काढलेली वाईन घेतली, डोळे मिटले, पुन्हा घेतली. “अशी कुठंच मिळत नाही,” तो म्हणाला. “मी दहा वर्षांचा करार करतो. आज करतो. फक्त एक सांगा. मावशी, वय काय तुमचं?”

“सत्तावन्न.”

“तुम्ही अजून दोन-तीन वर्षं चढाल. त्यानंतर? तुमच्या हाताखाली कोण आहे?”

तिने नाही म्हणून मान हलवली.

“दोन माणसं तयार करा,” तो म्हणाला. “दोनच. छाटणी संपायच्या आत मला नावं कळवा.”

दुसऱ्या दिवसापासून कासियाना दारोदार फिरली. वस्तीत सव्वीस घरं, त्यातल्या सतरांना कुलपं. उरलेल्यांत तिच्याहून म्हातारी माणसं. शिंप्याची सून अंगावर पाजत होती. ती हसली. “मावशी, मला घरात स्टुलावर चढायला हे देत नाहीत, आणि तुम्ही झाडाचं काय सांगताय!” पलीकडे गोंथालोचे दोन्ही मुलगे गाडीत सामान भरत होते, सांता क्रूझला निघाले होते. “कशाला काकू? पडायला?” मोठा म्हणाला. लगेच त्याच्या आईने त्याला कोपराने ढोसलं. तो ओशाळला. पण तो बोलला त्यात चूक काय होती?

शेवटी तिने ब्युनोस आयरेसला लेकीला फोन लावला. नेलिदा तिथे शिवणाच्या कारखान्यात होती. मागे यंत्रांची घरघर.

“आई, जोरात बोल.”

कासियाना जोरात बोलली. सगळं सांगितलं. व्यापारी, करार, दोन माणसं.

मग नेलिदा म्हणाली, “बाबा पडले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू रोज वर जायचीस आणि मी खाली उभी राहायचे. तुला वाटायचं मी खेळतेय. मी खेळत नव्हते आई. मी बघत राहायचे, तू पडतेस का.”

“मला नव्हतं ठाऊक गं.”

“आता ठाऊक झालं ना? मला नको सांगूस.” आणि मग, जरा मऊ आवाजात, “तूच इकडं ये. इथं खाली बसून काम असतं.”

ऑगस्ट आला. कासियानाने मुदतीच्या दिवशी रोलांदोला एवढंच सांगितलं, “कोणी नाही.” त्याने मान हलवली. व्यापाऱ्याने फोनवर खूप हळहळ व्यक्त केली म्हणे, आणि मग फोन ठेवला. बाईंनी निरोप पाठवला की कासियानाला घर राहील, नव्या बागेत काम राहील, काळजी करू नकोस. निरोप चांगलाच होता. तिला त्यावर रागावताही येईना.

तोडणारे तिघं कामार्गोहून आले, यंत्राची करवत आणि कुऱ्हाडी घेऊन. कासियाना घरात मका भाजत बसली. तासाभरात एक जण पळत दाराशी आला.

“मावशी, ते झाड पडेना हो! बुंधा पार कापला, तरी अधांतरी लटकलंय. खाली जायची भीती वाटतेय.”

ती गेली. मधलं मोठं झाड. बुंधा तुटून हातभर सरकला होता, आणि वरून आजूबाजूच्या चार झाडांच्या वेलांनी त्याला धरून ठेवलं होतं. कुठला वेल कुठून आलाय हे त्या तिघांना कसं कळणार? कोणता तोडला तर झाड कोणत्या अंगाला येईल, हे तिच्याखेरीज कोणालाच सांगता येत नव्हतं.

तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते. सगळ्यात धाकट्याची मान घामाने भिजली होती.

“सगळे इकडं या, माझ्या मागं,” ती म्हणाली. मग कुऱ्हाड धाकट्याच्या हातात दिली. “तो डावीकडचा जाड वेल दिसतो का, दोन वेढे घेतलेला? त्याला हात लावू नको. त्याच्या मागचा. हां, तोच. आडवा घाव नको, तिरका घाल.”

कुऱ्हाड पडली. झाड कण्हल्यासारखं वाजलं, पण हललं नाही.

“आता पलीकडचा. घाव घातला की उजवीकडं पळ. मागं बघू नको.”

दुसरा वेल तुटला आणि झाड ओढ्याच्या बाजूला कोसळलं. जमीन हादरली. मिरीचा तिखट वास सगळ्या मळ्यावर पसरला, डोळ्यांना झोंबला. त्या तिघांनीही डोळे पुसले, त्यामुळे कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

“पुढचं कोणतं घेऊ, मावशी?” धाकट्याने विचारलं.

कासियानाने बोट दाखवलं. मग घरी न जाता ती तिथेच थांबली. नऊ दिवस, त्रेचाळिसावं झाड पडेपर्यंत, कुठला वेल आधी तोडायचा ते ती सांगत राहिली. एकालाही खरचटलं नाही.

सप्टेंबरमध्ये खांब रोवले गेले, तारा ताणल्या गेल्या, तारिहाहून रोपं आली. वीतभर उंचीची, प्लास्टिकच्या पिशव्यांतली. रोपं सुतळीने काठीला बांधायचं काम कासियानाकडे आलं. दिवसभर वाकून तिची कंबर धरायची. रोलांदोने तिला बसायला छोटा पाट करून दिला. तो चांगला होता. चुका काढायचा नाही.

एका संध्याकाळी ओळ संपवून ती पाटावर टेकली. लाल कड्यांवरचं ऊन उतरत होतं. कड्यावरून पोपटांचा थवा आला, चाळीस-पन्नास असतील. मळ्यावर त्यांनी एक गिरकी घेतली, मग दुसरी. बसायला जागा दिसेना तेव्हा सगळे नव्या तारेवर उतरले आणि एका रांगेत कलकलत बसले.

कासियाना सवयीने उठली. हाकलायला दोन्ही हात वर केले, तोंडातून हाळी निघणारच होती.

पण तारेखाली नुसती वीतभर रोपं होती. घड लागायला अजून तीन वर्षं होती. तिने हात खाली घेतले.

“बसा,” ती म्हणाली आणि सुतळीचा गुंडा उचलून पुढच्या ओळीकडे गेली.