सेक्रेटरींनी पाडलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मी एका माणसाला अजून माफ केलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून गोडगोड बोलण्याची तुम्हाला अपेक्षा राहणार नाही.

कारखान्यात एका कारागिराने माझ्यात काचेचे लोलक बसवले आणि दोन्ही नळ्या एकाच जागी बघतील अशा जुळवल्या. दुर्बिणीचा सगळा जीव त्या जुळणीत असतो. पुढे मला आत्यांनी विकत घेतले. त्या कपडे शिवायच्या आणि सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. दुकानात मी मापाच्या टेपशेजारी खिळ्याला लटकायचे आणि दर रविवारी त्यांच्या गळ्यात बसून बागेतल्या तळ्यावर जायचे. तिथे आत्या पक्षीमंडळाच्या लोकांना पक्षी दाखवायच्या. "आत्यांची नजर म्हणजे नजर," असे लोक म्हणत. त्या कौतुकातला अर्धा वाटा मी गुपचूप माझ्याकडे ठेवायचे.

तळ्यावर डोक्यावर तुरा असलेली एक पाणडुबी होती, एकटीच. थंडी सरली, झाडांना कोंब फुटले, की यंदा तरी तिला जोडीदार मिळतो का, याकडे सगळ्यांचे डोळे लागायचे.

अशाच एका रविवारी मंडळाच्या सेक्रेटरींनी "जरा बघू" म्हणून मला घेतले आणि दगडी पायरीवर पाडले. कोणी पाहिले नाही. त्यांनी मला रुमालाने पुसून मुकाट्याने बाकावर ठेवले. माझी एक नळी सरकली होती.

थोड्या वेळाने आत्यांनी मला डोळ्यांना लावले. लांब, मोकळ्या पाण्यावर त्यांना दोन पाणडुब्या दिसल्या. "आला बाई एकदाचा जोडीदार," त्या हरखून म्हणाल्या. बाकीच्यांना एकच दिसत होती.

"आत्यांना आता जिथेतिथे लग्नं दिसायला लागली," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले.

आत्यांचा माझ्यावर इतका विश्वास, की त्यांनी दोष स्वतःच्या डोळ्यांना दिला. त्यांनी तळ्यावर जाणेच सोडले. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जायचा, पण ते त्यांच्या ध्यानात येईना. मी खिळ्यावर धूळ खात आणि दात नसताना दातओठ खात राहिले.

पुढच्या वसंतात सेक्रेटरी दुकानात आले. आता पक्षी तेच दाखवत.

"आत्या, ही तुम्हाला आता कशाला लागतेय? तळ्यावर पाहुणे यायचेत, मी नेतो."

"न्या," आत्या मान वर न करता म्हणाल्या.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पाहुण्यांसमोर सेक्रेटरींनी मला ऐटीत डोळ्यांना लावले आणि जाहीर केले, "बघा, यंदा जोडी जमली."

"अहो, एकच तर आहे," पाहुणे म्हणाले आणि हशा पिकला. मी तो पोटभर ऐकला.

मंडळातल्या एकाचे चष्म्यांचे दुकान होते; त्या चष्मेवाल्याने मला हातात घेऊन पाहिले. "नळी सरकलीय. जोरात आपटल्याशिवाय असं होत नाही. आत्यांनाही दोनच दिसल्या होत्या ना?"

"त्यांच्याच हातून पडली असेल," सेक्रेटरी म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते आणि ते सगळ्यांनी पाहिले.

चष्मेवाला मला दुरुस्त करून दुकानात घेऊन आला. सोबत सेक्रेटरींनाही ओढून आणले. आत्यांनी मला समोरच्या छपरावरच्या कावळ्यावर रोखले आणि बराच वेळ बघत राहिल्या. कावळा एकच दिसत होता. मग त्या खुर्चीत बसून रडल्या.

"माझ्या हातून पडली होती," सेक्रेटरी पुटपुटले.

"तेव्हाच सांगायचं ना हो," एवढेच आत्या म्हणाल्या आणि त्यांना चहा दिला. त्यांच्या जागी मी असते तर पाणीही दिले नसते.

मित्रांनो, वस्तू हातून पडते, त्याचा राग नाही. पण पडली तर तिथल्या तिथे सांगा. माझी नळी एका दुपारीत सरळ झाली. आत्या पुन्हा तळ्यावर जाऊ लागल्या, पण आजही पक्षी दिसला की शेजारी उभ्या असलेल्या सेक्रेटरींना आधी विचारतात, "एकच आहे ना हो?" दर वेळी सेक्रेटरींची मान खाली जाते. जाऊ दे. दर रविवारी जाऊ दे.