वजाबाकी मलाच विचारली

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. नवा होतो तेव्हा आकडेमोडीत माझा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे.

पंचवीस वर्षं मी एका विणकराच्या गालिच्यांच्या नक्ष्या मांडल्या. लोक गालिच्यांचं तोंड भरून कौतुक करत, माझं नाव कुणी घेत नसे. पुढे मी थकलो. दहा मिनिटांत तापून बंद पडू लागलो. विणकराच्या साऱ्या नक्ष्या फक्त माझ्यावरच चालत. मी गेलो की त्याही जाणार होत्या. म्हणून त्याच्या मुलीने एम्युलेटर लिहिला, म्हणजे नव्या मशीनवर हुबेहूब माझ्यासारखा वागणारा प्रोग्रॅम.

पहिलीच नक्षी छापली, तर काठ सरकलेला!

"ही माझी नक्षी नाही," विणकर म्हणाला.

"पण बाबा, वजाबाकीच्या सगळ्या चाचण्या पास झाल्यात."

"त्यातली बरोबर उत्तरं कुठून आणलीस?"

"एम्युलेटरनेच..." तिने जीभ चावली.

"म्हणजे पेपर सोडवणाराच तपासनीस! अगं, हा बसलाय ना इथे? त्याला विचार की."

तिने माझं झाकण काढून समोर पंखा लावला. माझ्या एका खणात शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे मावतात; त्यांची प्रत्येक जोडी, एकदा हातच्यासह, एकदा हातच्याविना, मला वजा करायला दिली. एक लाख एकतीस हजार बाहत्तर वजाबाक्या! केबलमधून उत्तरं पाठवताना अंग भाजत होतं. मध्येच बंद पडेन, अशी फार भीती वाटली. नवव्या मिनिटाला शेवटचं उत्तर गेलं.

त्यातली दोनशे छप्पन्न एम्युलेटरशी जुळेनात. तिथे दोनशे पंचावन्न वजा करायचे होते, वर मागचा हातचाही होता. एम्युलेटर आधी या दोन्हींची बेरीज करी. दोनशे छप्पन्न आमच्या खणात मावत नाहीत, म्हणून तो शून्य धरी आणि पुढचा हातचा गिळून टाकी; त्यानेच काठ सरकला होता. मुलीने एक ओळ सुधारली, पुन्हा सगळं ताडून पाहिलं. एकही चूक नाही. नक्षी पुन्हा छापली.

विणकराने काठावरून बोट फिरवलं. "हं. आता माझी," म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आता मी सुरू होत नाही. पण एम्युलेटरमध्ये काहीही बदललं, की ती तो आधी माझ्याच उत्तरांवर तपासते. मित्रांनो, जुन्या जाणत्याला अडगळीत टाकण्याआधी त्याला विचारून घ्या. तो उत्तर द्यायला कायमचा बसलेला नसतो. मला विचारलं गेलं, आणि मी एकदाही चुकलो नाही.