ताईच्या डाव्या गुडघ्याचा सोबती

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. हॉकीच्या गोलरक्षकाच्या पायाला बांधतात, तो. त्यातही डाव्या पायाचा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उजव्या पायाला जे कधी कळले नाही ते मला कळले.

माझा जन्म एका लांबट, कमी उजेडाच्या कारखान्यात झाला. फोमचे जाड-पातळ थर एकावर एक चिकटवून, दाबून, कापून कारागिरांनी मला आकार दिला. आत गुडघा नीट बसेल अशी खोबण ठेवली, मागे तीन पट्टे शिवले. शेवटी एका कारागीर बाईने माझ्यावर मुठीने दोन ठोसे हाणले, "हा टिकेल" असे म्हणाली आणि मला माझ्या जुळ्या भावाशेजारी खोक्यात ठेवले. त्या दोन शब्दांवर मी पुढे कितीतरी वर्षे छाती फुगवून होतो.

खोके उघडले ते एका शहराच्या पाणीपुरवठा विभागाच्या मैदानावर. या विभागाचा बायकांचा हॉकी संघ होता. कोणी पंपघरात कामाला, कोणी कचेरीत, कोणी दुरुस्तीच्या गाडीवर. साऱ्या शहराला पाणी पुरवणाऱ्या या मंडळींच्या मैदानावर पाणी मारायला मात्र टँकर कधी वेळेवर आला नाही.

मला जिच्या पायाला बांधले ती घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायची. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. सगळा संघ तिला ताई म्हणायचा, वयाने मोठ्या होत्या त्यासुद्धा. गोलात उभी राहिली की ती सतत बोलत असायची. हिला डावीकडे सरकव, तिला मागे बोलाव, असे चालूच. समोरचीची काठी वर उठण्याआधी ताई जागेवर पोहोचलेली असे. चेंडू माझ्यावर आपटून लांब उडाला की लोक टाळ्या वाजवत, आणि मला वाटे, या टाळ्या माझ्याच आहेत.

मित्रांनो, गोलरक्षकाचे वय मोठे फसवे असते. पळणारे खेळाडू तिशीत दमू लागतात, तेव्हा गोलरक्षक कुठे रंगात येत असतो. तिशीनंतरची ताई सत्तावीसच्या ताईपेक्षा कितीतरी चांगली होती, हे मी शपथेवर सांगेन. पाय थोडे मंदावले, पण नजर इतकी तयार झाली की पायांना धावावेच लागत नसे. म्हणून कोणाला काही कळले नाही. संघाचे प्रशिक्षक होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसरी गोलरक्षक तयार करायची का, असे कोणी विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : "ताई आहे ना."

ताई होती, म्हणून दुसरे कोणी टिकले नाही. राखीव गोलरक्षक तीन आल्या आणि तीन गेल्या. त्यांच्यातली मधली मुलगी चार वर्षे बाकावर बसून होती. त्या चार वर्षांत तिच्या वाट्याला अकरा मिनिटे आली. जाताना ती ताईच्या पाया पडली आणि हसून म्हणाली, "ताई, तू कधी आजारीसुद्धा पडली नाहीस." ताईला ते कौतुक वाटले. मलाही.

ताईला सदतिसावे लागले त्या वर्षी मला पहिल्यांदा खटकले. डावीकडे खाली आलेल्या चेंडूवर गुडघा वाकायला उशीर होऊ लागला. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही निम्मा, पण उशीर तो उशीरच. खाली बसल्यावर उठताना आतून बारीक करकर ऐकू यायची. ताई ओठ मिटून उठायची आणि लगेच कोणाला तरी ओरडून सूचना द्यायची, म्हणजे बघणाऱ्याचे लक्ष तिकडे जाई. त्या मोसमात डाव्या कोपऱ्यात सात गोल झाले. मास्तर म्हणाले, बचावफळी ढिली पडली. बचावफळी बिचारी गप्प बसली. मला मात्र ठाऊक होते. पण पॅडला कोण विचारतो?

एका सामन्यात माझा मधला पट्टा तुटला आणि ताईने मला घरी नेले. तिचा नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे दुकान, भिंतीला दोन शिलाई यंत्रे, खिडकीशी कापायचे मोठे टेबल. मला टेबलावर घेऊन त्याने जाड दोऱ्याने पट्टा पक्का केला. मग ताईची खेळायची नवी पँट शिवायची म्हणून तिला उभी केली आणि माप घेऊ लागला. उजव्या मांडीचे माप लिहिले. डाव्या मांडीचे घेतले, थांबला, पुन्हा घेतले. टेप गळ्यात टाकून तो खाली बसला.

"डावी मांडी दीड इंचाने बारीक झालीय," तो म्हणाला. "कधीपासून सांभाळतेयस हा पाय?"

ताईने आधी टेप जुनी झाल्याचे सांगून पाहिले. नवरा हसला नाही. मग ती स्टुलावर बसली आणि गेल्या दीड वर्षाचे सगळे तिने सांगितले. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, मीटर वाचताना वाकण्याऐवजी मोबाइलने फोटो काढते, सगळे. नवऱ्याने गळ्यातली टेप काढून गुंडाळून ठेवली. शेवटी म्हणाला, डॉक्टर काय सांगायचे ते सांगतील, पण संघाला तू सांगायला हवेस.

ताईने मला टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. मग एकदम म्हणाली, "चार वर्षांत अकरा मिनिटं. ती पोरगी मला काय सांगून गेली, ते मला आज कळतंय."

डॉक्टरांनी सांगितले की जपून खेळलीस तर दोन मोसम निघतील. दुसऱ्याच दिवशी ताई मास्तरांपुढे उभी राहिली. सामानाच्या खोलीत ते चेंडू मोजत होते. ताईने गुडघ्याचे सांगितले आणि म्हणाली की नवी गोलरक्षक आत्तापासून घडवायची. यंदा मैत्रीचे सामने आणि साखळीतले दोन-तीन तिला द्यायचे, पुढच्या वर्षी निम्मे-निम्मे, आणि तिसऱ्या वर्षी गोल तिचा. मास्तरांचा चेहरा पडला. गेल्या मोसमात संघ वरच्या गटातून खाली घसरता घसरता वाचला होता, आणि घसरला तर संघच बंद करू असे वरिष्ठांनी बजावले होते.

"अशा वेळी नवखी उभी करू?" मास्तर म्हणाले. "तू आहेस तोवर खेळ. पुढचं पुढे बघू."

"मी आहे तोवरच बघायचंय, मास्तर. मी गेल्यावर तिला शिकवणार कोण?"

मास्तर पुन्हा चेंडू मोजू लागले. तीनदा मोजले, तीनदा वेगळे भरले. मग म्हणाले, बरं.

नवी मुलगी विभागातच सापडली. तक्रारींच्या खिडकीवर बसायची. बावीस वर्षांची, उंच, पाय तर संपायचे नावच घेत नसत, म्हणून सगळ्या तिला शिडी म्हणत. पाणी आले नाही म्हणून भांडायला आलेल्या माणसांचे दिवसभर ऐकून घेणारी मुलगी. प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने ती काय डगमगणार, असा ताईचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. साखळीतल्या पहिल्याच सामन्यात शिडीने अर्ध्या वेळेआधी चार गोल खाल्ले. दुसऱ्या गोलानंतर लोक ताईच्या नावाने घोष करू लागले. चौथ्यानंतर मास्तर बाकाकडे आले आणि म्हणाले, "ऊठ, हेल्मेट घाल."

मित्रांनो, खरे सांगतो, मलाही उठायचे होते. लोक बोलावत होते, चेंडूचा आवाज येत होता. ताईने खाली वाकून माझा वरचा पट्टा सोडला. मग मधला. मग खालचा. मला आणि माझ्या भावाला तिने बाकाखाली ढकलले, बूटही काढले, आणि मोज्यांवर बसून राहिली. "आज हा सामना तिचा आहे," एवढेच ती म्हणाली. आम्ही पाच-एकने हरलो. घरी जाताना ताईशी कोणी बोलले नाही.

पुढचे दोन दिवस शिडी सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी काय झाले ते मला नंतर सामानाच्या खोलीत ऐकायला मिळाले, कारण सगळा संघ ते सांगून सांगून हसत होता. ताई मीटरची वही काखेत घेऊन तक्रारींच्या रांगेत उभी राहिली. पुढे अकरा माणसे होती. नंबर आल्यावर खिडकीतून आत वाकून शांतपणे म्हणाली, "तक्रार लिहून घ्या. मैदानावर दोन दिवस गोलरक्षक आलेला नाही."

शिडी हसली आणि लगेच रडली. मागचा माणूस म्हणाला, बाई, गोलरक्षकाचे सोडा, आमच्याकडे आठवडाभर पाणी नाही. त्या संध्याकाळी शिडी सरावाला आली.

मग ताईने तिला घडवायला घेतले. सोपे नव्हते ते. ताई म्हणे, आधी जागेवर पोहोच, मग पाय उचल. शिडी आधी पाय उचलायची आणि वर चेंडू अडवायचीसुद्धा. ताई चिडायची, पट्टे आवळून स्वतः उभी राहून दाखवायची, मग रात्रभर गुडघा शेकत बसायची. काही महिन्यांनी तिच्या ध्यानात आले की हिला आपल्यासारखी करून चालणार नाही. आपले पाय आखूड होते म्हणून आपण नजर कमावली. हिला पाय दिलेत, नजर हळूहळू येईल. त्या दिवसापासून तिने शिडीचे पाय सुधारायचे सोडले आणि फक्त एकच प्रश्न विचारू लागली : "चेंडू मारायच्या आधी तुला काय दिसलं?" सुरुवातीला शिडी म्हणायची, काही नाही. मग म्हणू लागली, खांदा. मग म्हणू लागली, खांदा, आणि तिची मैत्रीण कुठे पळतेय ते.

दुसऱ्या मोसमाचा शेवटचा सामना आला. वरच्या गटात राहायला बरोबरी पुरेशी होती, हरलो असतो तर संघ संपला असता. ठरल्याप्रमाणे पहिला अर्धा ताईचा, दुसरा शिडीचा. त्या दिवशी ताई जशी खेळली तशी ती गेल्या पाच वर्षांत खेळली नव्हती. नऊ फटके आले, नऊ परतले. गुडघाही शहाण्यासारखा वागला. अर्ध्या वेळेला आम्ही एक-शून्यने पुढे होतो.

मास्तरांनी ताईचा हात धरला. ते रागावले नव्हते, विनवत होते. आज बदल करू नकोस, असे म्हणाले. शिडीसुद्धा म्हणाली, "ताई, तूच उभी राहा ना." ताईने हेल्मेट काढले. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. मला वाटते, एक क्षण तिच्याही मनात आले असेल. माझ्या तर आलेच होते.

"मी आज बाहेर आले नाही, तर कधीच येणार नाही," ती म्हणाली. "जा. सगळ्यांशी बोलत राहा."

शिडी गेली. दहाव्या मिनिटाला तिने एक गोल खाल्ला. बाकावर मी ताईच्या पायाला बांधलेलाच होतो, पण तिने पट्टे आवळायला हात लावला नाही. अगदी शेवटी समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. कडेच्या रेषेवरून चेंडू आला, त्यांच्या एकीने तो थांबवला, आणि दुसरीचा जोरकस फटका खाली डाव्या कोपऱ्याकडे निघाला. तिथे वेळेवर पोहोचणे ताईला आता जमले नसते, हे माझ्याइतके कोणालाच माहीत नव्हते. शिडीने ताईच्या कुठल्याच पद्धतीत न बसणारी एक लांबलचक तंगडी पसरली आणि बुटाच्या टोकाने चेंडू बाहेर लोटला. शिट्टी झाली. बरोबरी झाली. संघ राहिला.

पुढच्या वर्षी ताई खेळली नाही. शिडीच्या पायांना मी तोकडा पडायचो, म्हणून तिला नवे पॅड आले. आम्हा दोघा भावांना फळीवर ठेवले. तिथले दिवस वाईट गेले. कोणीतरी ओली जाळी माझ्यावर टाकली, आणि आत बुरशीचा वास धरला. टिकेन म्हणून मिरवणारा मी, निकामी झालो असेच मला वाटले. मग एका रविवारी ताईने आम्हाला खाली काढले, पुसले, सावलीत दोन दिवस वाळवले आणि नवऱ्याकडून सगळे पट्टे बदलून आणले. आता आठवड्यातून दोनदा, ताई गोलरक्षण शिकवते तेव्हा, मी नव्या मुलींच्या पायांना बांधला जातो. सहा मुली, सहा तऱ्हेचे गुडघे. एकीच्या उजव्या पायाला मी बांधला गेलो तेव्हा मोठीच पंचाईत झाली होती.

गेल्या आठवड्यात शिडी या मुलींच्या सरावाला आली. ती आता सव्वीस वर्षांची आहे, तिचे उत्तम दिवस पुढेच आहेत. सहा जणींतली एक तिने हेरली, तिच्यापुढे गुडघ्यावर बसून माझे पट्टे आवळले आणि मास्तरांना म्हणाली, "पुढच्या सामन्यात शेवटची दहा मिनिटं हिला द्या." मास्तरांनी या वेळी चेंडू मोजायला घेतले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतले.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला ओले पिशवीत कोंबू नका, कडक उन्हातही टाकू नका. सावलीत वाळवा, पट्टा उसवला तर त्याच दिवशी शिवा. आणि तुमच्या संघात, घरात, कामात एखादी ताई असेल, तर तिचा गुडघा करकरण्याची वाट बघू नका. ती भरात असतानाच तिच्या शेजारी कोणाला तरी उभे करा. आणि ताई तुम्हीच असाल, तर स्वतः उठून त्याला जागा द्या. तो चार गोल खाईल. खाऊ द्या.