सावलीतलं पाणी

हे मी लिहिणारच नव्हतो. ऑफिसातल्या मॅडमनी बजावलंय, मीटिंग होईपर्यंत एक ओळ बाहेर जाता कामा नये. पण बस सुटायला वेळ आहे, आणि मोबाईलला चार्जिंग आहे. जमेल तसं लिहितो.

मी उपग्रहाच्या फोटोंवर हिमनद्या बघतो. नोकरीच आहे ती. कॉलेजात शिकलो नाही, व्हिडिओ बघून बघून शिकलो. आमचे फोटो रडारचे. रडार ढगांतून आरपार बघतं, पण त्याची एक खोड आहे: ते तिरकं बघतं. त्यामुळे डोंगरामागचं त्याला दिसत नाही, तिथं काळं येतं. आणि साचलेलं पाणीपण काळंच येतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यानंच आमची माती केली. मोठ्या हिमनदीच्या तोंडाशी काळा डाग दिसला. तळं साचलंय, फुटणार, म्हणून ऑफिसनं खालच्या गावाला कळवलं. खाली नदीवरच्या चौकीत माझा शाळेपासूनचा मित्र आहे. पाणी मोजतो, आणि धोका असला की भोंगा वाजवतो. त्याला शाळेतच सगळे भोंगा म्हणायचे, घसाच तसा होता. नोकरी नंतर लागली. त्यानं भोंगा वाजवला, दारं बडवली, अख्खं गाव रात्रीच्या थंडीत चढावर नेलं. एक आजी घसरून पडल्या, खुबा मोडला. आणि तळं? तळं नव्हतंच. डोंगराची सावली होती.

तेव्हापासून त्याला बघून पोरं "लांडगा आला रे आला" ओरडतात. आणि आमच्या ऑफिसात मास्क आला. मास्क म्हणजे झाकणच: सावलीच्या जागेत जे काही काळं असेल, ते कॉम्प्युटर आपोआप पुसून टाकतो. परत फजिती नको. सगळे खूश.

परवा मी घोळ घातला. आम्ही नेहमी उपग्रहाची सकाळची फेरी घेतो, मी चुकून संध्याकाळची उतरवली. तेव्हा तो दुसऱ्या बाजूनं बघतो, म्हणजे सावलीपण दुसरीकडे पडते. फोटो उघडला आणि चहाचा कप हातातच राहिला. जिथं नेहमी सावली असते, तिथं आता सावली पडायचं कारणच नव्हतं. तरी काळं होतं. गुळगुळीत. काठ असलेलं.

संध्याकाळचे जुने फोटो काढले. गेल्या उन्हाळ्यात खरंच काही नव्हतं. थंडी संपताना एक ठिपका. मग दर फोटोत मोठा. आमच्याच झाकणाखाली, आरामात.

मॅडमकडे पळालो.

"तुला पाणी दिसतंय, की बघायचंय?"

"मॅडम, दोन्ही बाजूंनी काळं आहे."

"ओला बर्फपण काळा दिसतो. का व्हिडिओत ते सांगितलं नव्हतं?" मग त्यांचा आवाज उतरला. "त्या आजींना भेटायला हॉस्पिटलात मी गेले होते, तू नाही. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, हेलिकॉप्टर मागू. तोवर तोंड बंद."

त्यांचंही चूक नव्हतं. जागेवर येऊन बसलो. एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं, ते ऐकवेना. आज शेवटी जिन्यात जाऊन भोंग्याला फोन लावला.

"बोला साहेब, आज कुठलं तळं फुटतंय?"

"थट्टा सोड. नदी कशी आहे?"

"एकदम शहाण्यासारखी. ऊन मरणाचं आहे, तरी कालपासून पाणी उतरलंय. मधले दगड उघडे पडलेत. आई म्हणते, कानाला जरा आराम मिळाला."

एवढ्या उन्हात बर्फ वितळतो, नदी फुगायला पाहिजे. उतरली म्हणजे वर पाण्याची वाट बुजली. सगळं मागं साठतंय.

सगळं सांगितलं त्याला. तो हसला नाही. तो हसत नाही तेव्हा मला भीती वाटते.

"मावशीला घेऊन वर जा," मी म्हणालो; त्याच्या आईला मी मावशीच म्हणतो. "आत्ताच्या आत्ता."

"ती नाही यायची. गेल्या वेळी चढली, महिनाभर गुडघे धरून बसली होती. म्हणते, तुझ्या मित्राच्या उपग्रहाला आधी चष्मा लावा."

"मग भोंगा वाजव."

"वाजवीन की. नोकरी गेली तर गेली. पण बाहेर कोण येणार? खिडकीतून डोकावतील, शिव्या घालतील, परत कामाला लागतील." एरवी फोनवर त्याच्यामागं नदी गर्जत असते. आज काहीच नव्हतं. "लोक काय म्हणतात माहितीय? सांगणाऱ्याच्या पायाला पाणी लागत नाही. तू तिथं खुर्चीत, मी इथं दारोदार."

खरंच होतं ते.

"भोंग्या, मी मॅडमना परत एकदा..."

"मॅडम नको रे. तू खाली उभा दिसलास ना, तर कदाचित ऐकतील. नाहीतर राहू दे. मी आहेच आईजवळ."

"येतो," मी म्हणालो. "मिळेल त्या बसनं, फोटो घेऊन. तू भोंगा वाजव, दारं मी बडवतो. आणि मावशी उठली नाही, तर ती उठेपर्यंत तिच्या उंबऱ्यावर बसून राहीन. तुला एकटं सोडणार नाही तिथं. शब्द आहे माझा."