एक वीत लोखंड

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. हातात धरून फिरायला जायची नव्हे, नदीत उतरायची. माझं लाकूड ॲशच्या झाडाचं आहे, चिवट आणि सरळ. अंगावर तापल्या तारेने डागलेली वळी, म्हणजे गोल कडी, आहेत. माझी सगळी गोष्ट त्या वळ्यांची आहे आणि ती गोड नाही. तुम्ही लहान आहात म्हणून मी ती गोड करून सांगणार नाही. देवासमोर आणि मुलांसमोर खोटं बोलू नये, असं माझा धनी उर्हो म्हणायचा.

सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठच्या जंगलात फिनलंडहून आलेल्या लोकांची आमची वस्ती आहे. उर्हो आठवडाभर लाकूडतोडीला जायचा आणि रविवारी प्रार्थनाघरात प्रवचन करायचा. तसं प्रवचन मी दुसऱ्या कोणाचं ऐकलं नाही. साध्या बोलण्यात सुरू व्हायचं, मग एखादा शब्द लांबायचा, त्याला सूर लागायचा आणि ऐकणाऱ्यांना कळायच्या आत बोलण्याचं गाणं झालेलं असायचं. म्हाताऱ्या डोलायच्या म्हणे. दगडासारखे लाकूडतोडे टोपीत तोंड घालून रडायचे. मी प्रार्थनाघरात कधी गेले नाही. पण शनिवारी, सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत अंग शेकून झाल्यावर, उर्हो दुसऱ्या दिवशीचं प्रवचन स्वयंपाकघरात म्हणून बघायचा. तेव्हा जमिनीवर ठेका धरायला मीच असायचे. त्याची बायको साइमा पाव थापता थापता म्हणायची, "हळू रे, फळी फुटेल. देवाला ऐकू येतं."

मला त्यानेच घडवलं. झाड तोडलं, दोन वर्षं माळ्यावर वाळवलं, तासलं, तेल पाजलं. मग एका सकाळी मला पायाशी उभी धरून त्याने तीन खुणा केल्या. पहिली गुडघ्याशी, दुसरी मांडीच्या मध्यावर, तिसरी कमरपट्ट्याशी. दोन खुणांत बरोबर एक वीत अंतर. तिथे त्याने वळी डागली. धूर निघाला. मला दुखलं, पण अभिमानही वाटला. आता माझ्या अंगावर उर्होचं माप होतं.

वळी लागतात, कारण आमच्या नदीचा तळ दिसत नाही. देवदारांच्या दलदलीतून येणारं पाणी दाट चहाच्या रंगाचं असतं. किती खोल आहे ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून मासेमाराने काठी पुढे टेकवायची, पाणी कुठल्या वळ्याला लागतं ते पाहायचं आणि मगच पाऊल टाकायचं. उर्होचा नियम पक्का होता. दुसऱ्या वळ्यापर्यंत पुढे जायचं. तिसऱ्याला पाणी लागलं की समोर केवढाही मासा असो, मागे फिरायचं. तो सगळ्यांना सांगायचा, "थंडीत पाय बधिर होतात आणि खोटं बोलतात. काठी बधिर होत नाही."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. यानेच घात केला.

वसंतात आमची नदी रोज वेगळी असते. रात्री गोठलं की सकाळी पाणी उतरलेलं, दुपारी बर्फ वितळलं की फुगलेलं. दक्षिणेचा वारा आणि पाऊस एकत्र आला तर चार दिवस नदीकडे बघायचंसुद्धा नाही. याच दिवसांत सरोवरातला स्टीलहेड अंडी घालायला नदीत चढतो. ट्राउटचाच जातभाई, पण हाताएवढा लांब, गालांवर लाली आलेला. पाणी फार गार असेल तर तो खडकामागे निपचित पडून राहतो. नाकासमोरून गळ गेला तरी तोंड उघडत नाही. म्हणून आमच्याकडे आधी काठावर बसून हात मनगटापर्यंत पाण्यात घालतात आणि स्तोत्राचं एक कडवं म्हणतात. कडवं पुरं होईतो हात आत राहिला तर मासा जागा आहे. मध्येच काढावा लागला तर घरी जाऊन कॉफी प्यायची.

उर्होचा मेहुणा याल्मार, म्हणजे साइमाचा धाकटा भाऊ, यावरून त्याला छळायचा.

"दाजी, कडवं पळवलंत! रविवारी हीच ओळ अर्धा तास ओढता की!"

"रविवारी माझा हात कोटाच्या खिशात असतो, मेहुण्या."

याल्मार वस्तीचा लोहार. आरडाओरडा करणारा, हसणारा, हाताचा कसबी. बिजागऱ्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं तोच नीट करायचा आणि कोणी काही द्यायला गेलं तर कॉफी मागायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

आमची चौदा वर्षं अशी गेली. गळाला पिसं आणि नारिंगी लोकर गुंडाळून उर्हो माशाच्या अंड्यासारखी 'माशी' बांधायचा आणि तळाला घासत सोडायचा. गळाच्या लवचीक सोटाच्या दोरा ओवलेल्या कड्यांमध्ये बर्फ धरलं की सोट पाण्यात बुडवून मोकळा करायचा. तळाशी उजळ, धुतल्यासारखी खडी लागली की मी टेकायच्या आत मला उचलून घ्यायचा. ती माशांनी शेपटीने साफ केलेली अंड्यांची जागा असते. "पाळण्यावर पाय देऊ नये," म्हणायचा. लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, उर्होची काठी बघा. मीही फुगायचे.

मग तो वाईट हिवाळा आला. साइमाला फुप्फुसाचा ताप भरला. ताप उतरला, पण भूक परत आली नाही. गालफडं बसली. पुढ्यात ठेवलेलं ती बोटाने सरकवायची. उर्होची शनिवारची प्रवचनं थांबली. त्याच हिवाळ्यात कोपऱ्यात पडून पडून माझं टोक उकललं.

याल्मारने ते पाहिलं आणि न सांगता मला उचलून भट्टीवर नेलं. कुळवाचा एक जुना दात तापवून, ठोकून त्याने मला लोखंडी पाय केला. चांगला एक वीत लांब, टोकदार, बर्फात रुतणारा. उकललेलं लाकूड कापावं लागू नये म्हणून त्याने ते लोखंडी कड्यात आवळलं आणि पाय त्याच्याखाली बसवला. लाकूड वाचवलं याचा त्याला आनंद झाला होता. मित्रांनो, मी तुटले नाही, कापले गेले नाही. मी फक्त एक वीत उंच झाले. आणि माझी तिन्ही वळी एक एक वीत वर चढली.

उर्होने मला हातात घेतलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"याल्मार, ही उंच वाटतेय रे."

"काठी आहे तेवढीच आहे, दाजी. तुम्हीच आखडलात! साठी जवळ आली की माणूस सौनात वाळत ठेवलेल्या मोज्यासारखा होतो."

उर्हो हसला. खाटेवर साइमासुद्धा हसली, दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिचं हसू पाहिल्यावर कोण काठी मोजत बसणार? ती गोष्ट तिथेच राहिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साइमा म्हणाली, "ताज्या माशाचं सार असतं ना, बटाटे आणि दूध घालून, तर दोन घास गेले असते." ती सहज बोलली. पण उर्होला ती आज्ञाच वाटली.

पहिले दोन दिवस तो खालच्या अंगाला गेला. तिथे तळाला खडी आहे. माझा लोखंडी पाय पूर्ण खडीत रुतायचा, लाकूड तळाला टेकायचं आणि वळी बरोबर माप दाखवायची. चूक असती तर तिथेच कळली असती. पण तिथे ती चूकच नव्हती. मासाही नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी याल्मारला घेऊन तो वरच्या कातळापाशी गेला. पलीकडच्या काठाशी एका मोठ्या दगडामागे संथ पाणी होतं. प्रवाहाशी झुंजून थकलेले स्टीलहेड तिथे थांबतात. हात पाण्यात घालून त्याने कडवं म्हटलं. पुरं म्हटलं, अजिबात न पळवता.

"जागा आहे," तो म्हणाला. "साइमा आज जेवणार."

त्याने छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, माझी चामडी दोरी कमरपट्ट्याला बांधली आणि आम्ही उतरलो.

कातळावर लोखंड रुतत नाही. ते टणकन वाजलं आणि मी माझ्या नव्या उंचीने उभी राहिले. पाणी पहिल्या वळ्याला लागलं. खरं तर ते दुसऱ्याला लागायला हवं होतं. मला कळत होतं. अंगावरचं प्रत्येक वळं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि काठीला तोंड नसतं. नदीच्या मध्यावर पाणी दुसऱ्या वळ्याला आलं.

काठावरून याल्मारने हाक दिली, "दाजी! पाणी कमरेला लागलंय तुमच्या!"

उर्होने खाली पाहिलं. पाणी कमरपट्ट्याला होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काठी दुसऱ्यावर आहे!" तो ओरडला. "बर्फाच्या पाण्याने रबर फुगतं, तसं दिसतं!"

याल्मारने काठीकडे निरखून पाहिलं. वळं त्यालाही दिसत होतं. त्यानेही काठीवरच विश्वास ठेवला.

पुढच्या पावलाला पाण्याने उर्होचे पाय उचलले. त्याने सगळा भार माझ्यावर टाकला. मी वाकले, पण मोडले नाही. लोखंडी टोक शेवाळावरून सरकलं. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी भरायला किती वेळ लागतो? एक हाक मारण्याएवढा. त्याने मारलेली हाक साइमाच्या नावाची होती.

याल्मार काठाकाठाने धावला, पडला, पुन्हा धावला. तो पाण्यात उतरला नाही अशी कुजबुज वस्तीत झाली. ते खोटं आहे. तो दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा नदीने त्याला काठावर फेकून दिलं. खाली आल्डरच्या झुडपांत ओंडके अडकतात, तिथे उर्हो आणि मी थांबलो. मी त्याच्या कमरेला बांधलेलीच होते. दोन दिवस. वरून चहाच्या रंगाचा उजेड यायचा. एकदा एक स्टीलहेड अगदी जवळून वर गेला. त्या दोन दिवसांबद्दल मी याहून जास्त सांगणार नाही.

दफन झालं. प्रवचन शेजारच्या गावच्या माणसाने केलं, वाचून दाखवल्यासारखं. उर्होची विजार साइमाच्या स्वयंपाकघरात खुंटीला वाळत होती. आठवड्याने याल्मार आला. मला हातात घेऊन उभा राहिला आणि सहज विजारीशेजारी टेकवली. विजारीच्या गुडघ्याला तांबड्या रबराचं ठिगळ होतं. माझं पहिलं वळं त्या ठिगळाच्या वर होतं. बरोबर एक वीत वर.

त्याने आपली वीत लावून पाहिली. पुन्हा लावली. मग खाली बसला.

"ताई," तो म्हणाला, "दाजींना मी मारलं."

साइमाने ऐकून घेतलं. सगळं, वळ्यांसकट, मोज्याच्या थट्टेसकट. आमच्या लोकांत एक रीत आहे. ज्याच्या मनावर पापाचं ओझं आहे त्याने ते बोलून दाखवायचं आणि ऐकणाऱ्याने त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायचं की, प्रभूच्या नावाने तुला क्षमा झाली, विश्वास ठेव. हे शब्द नाकारत नाहीत. उर्होने हयातीत शेकडो जणांना ते दिले होते. याल्मार मान खाली घालून वाट पाहत राहिला.

"आज नाही," साइमा म्हणाली. "आज तोंडातून येत नाहीत. शनिवारी ये."

तो शनिवारी आला. ती म्हणाली, "आज नाही." पुढच्या शनिवारी त्याने आणलेला पाव तसाच राहिला. बर्फ गेलं, डास आले. तो येतच राहिला. दाराशी टोपी काढायचा, बसायचा, उठून जायचा. त्याची हसण्याची सवय मोडली. भट्टी थंड पडली. लोक बिजागऱ्या घेऊन यायचे आणि परत जायचे.

पाचव्या शनिवारी साइमा खाटेवरून उठली. भिंतीला धरत आली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून तिने ते शब्द म्हटले. सूर नव्हता, घसा बसलेला होता. पण एकही शब्द गाळला नाही. याल्मारचे खांदे हलू लागले. तिने हात काढला नाही.

"आता तू मला म्हण," ती म्हणाली.

"तुला? तुला कशाबद्दल, ताई?"

"सार मी मागितलं होतं."

त्याला ते शब्द येत होते, जन्मापासून ऐकलेले. तरी त्याने तीन वेळा सुरुवात केली आणि तीन वेळा अडला. अखेर म्हणाला. दोघांना क्षमा लागली की नाही, हे मला ठाऊक नाही. मी एक काठी आहे. मला एवढंच दिसलं की त्या दिवशी दोघांनी समोरासमोर बसून थोडा पाव खाल्ला.

मग याल्मारने चुलीत तार तापवली. जुनी वळी रंध्याने तासून काढली आणि खरी तीन वळी एक एक वीत खाली डागली. या वेळी मला दुखलं आणि अभिमान वाटला नाही. मला त्याने नदीकाठच्या आल्डरला टेकवून ठेवलं, कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. तो स्वतः पुन्हा नदीवर आला नाही. साइमा त्याच वर्षी, पानं गळायच्या आधी गेली.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू प्रेमाने दुरुस्त करा, पण ती काय मोजते ते आधी विचारा. आणि कोणी म्हणालं की हे जरा वेगळं वाटतंय, तर त्याची थट्टा करू नका. थांबा आणि मोजा. मी अजून त्या झाडाशी उभी आहे. माझी वळी आता खरी आहेत, पण ती उर्होच्या पायांची आहेत. तुम्ही मला उचललंत, तर पाण्यात उतरण्याआधी मला तुमच्या स्वतःच्या पायाशी लावून पाहा.