तंबूच्या काड्या

नागपुरात बेसा भागात, दत्तोपंतांच्या इमारतीखाली मनोहरराव भरलेली सायकल धरून उभे होते. दत्तोपंत घरातल्या चपला घालून खाली आले, तेव्हाच मनोहररावांना कळलं, हा गडी काही येत नाही.

"या खेपेला राहू दे रे, मनोहर. पुष्करला आवडत नाही."

"पुष्कर तुहा पोरगा हाये का बाप?"



नागपूरहून चिखलदऱ्यापर्यंत सायकलनं जायचं, सांज होईल तिथं तंबू ठोकायचा, हे दोघांनी टेलिफोन खात्यात लाइनमन असताना ठरवलं होतं. नोकरीभर साहेब म्हणेल तिकडे सायकल हाकली. रिटायर झाल्यावर आपल्या मनाला येईल तिकडे हाकू, एवढीच काय ती हौस. पण म्हाताऱ्यानं काय करावं हे जगानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. नातवंडं स्कूलबसवर सोडावी, कुरिअर घ्यावं, बागेत हात वर करून खोटं खोटं हसावं. सायकलवर निघाला की डोकं फिरलं. पोरांची अब्रू जाते म्हणे. बाप घरात कुजला तर नाही जात.

"बस मंग झुल्यावर झुलत!" म्हणून मनोहरराव तिरमिरीत निघाले. शहराबाहेरच्या वाडी नाक्यावर ट्रकांचा धूर खाल्ला, बाजारगाव मागं टाकलं. चढ आला की दत्तोपंताला शिवी द्यायचे. उतार आला की मागं वळून पाहायचे, कारण उताराला दत्तोपंत भ्यायचे, ब्रेक दाबत दाबत मागं राहायचे.

कोंढाळीच्या अलीकडे, संत्र्याच्या बागेत, मालकाला विचारून त्यांनी सामान सोडलं. कापड निघालं, दोऱ्या निघाल्या. तंबू उभा करायच्या काड्या नव्हत्या.

खात्यात असताना शिडी एकाच्या सायकलवर, हत्यारं दुसऱ्याच्या. एक जण आला नाही की काम बंद. तंबू घेतला तेव्हा त्याच सवयीनं वाटणी झाली होती: कापड मनोहररावांकडे, काड्या दत्तोपंताकडे. एकट्यानं कोणी पळू नये म्हणून.

त्यांनी फोन लावला.

"दत्त्या, काड्या तुह्यापाशी राहिल्या गा."

"माहीत आहे. सकाळपासून हातात घेऊनच बसलोय."

"मंग बोंबलला काहून नाहीस?"

"वाटलं, परत येशील."

मनोहररावांच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

"सायकल कुठी हाये तुही? सकाळी दिसली नाही."

"पुष्करनं वॉचमनला देऊन टाकली. दिवाळीतच. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

"असं कर. उद्या पहिल्या एसटीनं कोंढाळीले ये. काड्या आण. डबलसीट नेतो तुले."

"या वयात?"

"या वयात नाही तं का चितेवर?"

दत्तोपंत हसले. "येतो," म्हणाले.

मनोहरराव ते कापड जमिनीवर अंथरून, त्याच्या एका कडेला झोपले.

सकाळी कोंढाळीच्या स्टँडवर कॅरिअरला चादरीची घडी बांधून ते उभे राहिले. बस आली. माणसं उतरली, बस रिकामी झाल्यासारखी वाटली. मग कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं.

"मनोहरराव कोण हाय जी?"

खाली आल्या त्या काड्या. दत्तोपंताच्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळलेल्या, शर्टाच्या बाह्यांनीच गाठ मारलेली.

"अन् माणूस?"

"चढले होते काका नागपूरले. खिडकीपाशी बसले बी होते. मंग पोराचा फोन आला. उतरले, अन् हे माह्या हातात देऊन राहिले. म्हणे, त्याले पुढं जाऊ द्या."

बस गेली. मनोहररावांनी नागपूरच्या बाजूला पाहिलं, अमरावतीच्या बाजूला पाहिलं. शर्टाची गाठ सोडली नाही. काड्या तशाच चादरीच्या घडीवर ठेवल्या, दोरीनं आवळल्या आणि टांग मारली.

गाव सुटलं. पुढं लांब उतार लागला. मनोहरराव जन्मात कधी उताराला थांबले नव्हते. आज ते ब्रेक दाबत दाबत उतरले.